डिझेल मोटारीचा ऑइल फिल्टर घरच्या घरीं बदलणें

आमच्या शेतकरी बंधूंच्या दारांत बैलगाडीच्या जागीं आतां डिझेल मोटार उभी असलेली सर्रास दिसते. बाजार, दवाखाना, मुलांची शाळा, लग्नकार्य, इतकेंच नव्हे तर खताचीं चार पोतीं आणणें हेंही तिच्याच माथीं येतें. बैलाची निगा कशी राखावी हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु या यंत्राच्या पोटांत काय चालतें याविषयीं पुष्कळ घरीं पूर्ण उदासीनता आढळते. तिचें ठळक उदाहरण म्हणजे ऑइल फिल्टर होय. तो कोठें आहे, शेवटीं कधीं बदलला, आणि खरोखरीच बदलला कीं काय, हे तीन प्रश्न दहा मोटारवाल्यांस विचारले तर तिन्हींचीं उत्तरें देणारा एकादाच निघेल.

या उदासीनतेचें मूळ जुन्या संवयींत आहे असें आम्हांस वाटतें. ज्या पिढीनें विहिरीवर संथ चालीचीं लिस्टर पद्धतीचीं इंजिनें चालविलीं, तिला ऑइल फिल्टर नांवाची वस्तु ठाऊकच नव्हती. त्या इंजिनांत तेल खालीं चेंबरमध्यें असे व फिरत्या भागांच्या फटकाऱ्यानें उडून सर्वत्र लागे. पट्टी पाहिली, कमी दिसलें तेवढें ओतलें, हॅंडल मारलें, कीं पाणी सुरू. तें इंजिन मिनिटास सहाशें-साडेसहाशें फेरे घेई. आजच्या मोटारीचें डिझेल इंजिन चार हजारांवर जातें, आणि त्याच्या टर्बोचें चाक तर मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें. अशा यंत्रास विहिरीवरच्या इंजिनाचा नियम लावणें म्हणजे बागाइतास जिराइताचा आकार बसविण्यासारखें आहे.

फिल्टरची रचना साधी आहे. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड यांनीं प्युरोलेटर या नांवानें मोटारीचा ऑइल फिल्टर प्रचारांत आणला. तेव्हांपासून त्यांत सुधारणा पुष्कळ झाल्या, तरी मूळ कल्पना गाळणीचीच आहे. आंत घड्या घातलेला विशिष्ट कागद असतो. पंपानें ढकललेलें ऑइल बाहेरच्या अंगानें त्या घड्यांत शिरतें व मधल्या पोकळींतून निघून बेअरिंगांकडे जातें. धातूचा कीस, धुळीचे कण, काजळीचे गोळे कागदावर अडकून राहतात. आतां कागद अगदींच चोंदला तर काय होतें? बहुतेकांची समजूत अशी कीं इंजिन बंद पडेल किंवा दिवा लागेल. तसें होत नाहीं. फिल्टरांत किंवा त्याच्या बैठकींत एक झडप ठेविलेली असते. कागद चोंदला कीं ती उघडते आणि तेल न गाळतांच पुढें जातें. बेअरिंग कोरडें राहण्यापेक्षां त्यास घाण तेल मिळालेलें बरें, असा कारखानदाराचा हिशेब. मालकास मात्र कांहींच कळत नाहीं. आवाज नाहीं, दिवा नाहीं, गाडी पूर्वींसारखीच पळते, आणि आंत बेअरिंगांस वाळू घांसावी तसा प्रकार महिनोन्‌महिने चाललेला असतो.

येथें काळ्या रंगाविषयींही खुलासा केला पाहिजे. डिझेल इंजिनांत नवें ऑइल घातलें कीं थोड्याच धांवेंत तें काळें होतें, आणि मग मिस्त्रीनें जुनेंच तेल घातलें असा बोभाटा होतो. हा आरोप पुष्कळदां अन्यायाचा असतो. डिझेल जळतांना काजळी होते. ती धरून ठेवून गोळे होऊं न देणें हें तेलांत मिसळलेल्या औषधांचें कामच आहे. तेल काळें झालें म्हणजे तें काम करीत आहे. ही काजळी इतकी सूक्ष्म असते कीं तिचा बहुतेक भाग फिल्टरच्या कागदांतूनही पार होतो. यावरून दोन गोष्टी निघतात. नुसता फिल्टर बदलून तेलाची काजळी जात नाहीं. आणि नुसतें तेल बदललें तर जुन्या फिल्टरमधील घाण व त्यांत सांठलेलें घाण तेल नव्या तेलांत मिसळतें. दोन्हीं एकाच वेळीं बदलावीं. एक टाळून दुसरें करणें ही काटकसर नव्हे.

आमच्या भागांत ज्या लहान डिझेल मोटारी फार आहेत त्यांपैकीं पुष्कळींत एकच इंजिन आहे. फियाट कंपनीनें काढलेलें हें १२४८ घनसेंटिमीटरचें इंजिन २००७ पासून मारुतीच्या स्विफ्टमध्यें, मागाहून डिझायर व अर्टिगामध्यें आणि टाटांच्या कांहीं गाड्यांतही बसलें. पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवच्या कारखान्यांतही तें तयार होत असे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बी. एस. सहाचे नियम लागू झाल्यावर मारुतीनें डिझेल मोटारी बंद केल्या, व इतर बहुतेक कारखान्यांनींही लहान डिझेल मोटारी क्रमाक्रमानें सोडल्या. म्हणजे ज्यांच्याजवळ अशी गाडी आहे त्यांस तशीच नवी मिळणें नाहीं. या इंजिनांत वरच्या झडपा चालविणारी साखळी आहे, आणि ती ताणून धरणारा भाग ऑइलच्या दाबावर चालतो. तेल कमी झालें किंवा जुनें होऊन बिघडलें, कीं साखळी सैल पडून आवाज करूं लागते. तरी दुर्लक्ष झालें तर ती दांत्यांवरून उडी घेते, पिस्टन झडपांस भिडतात आणि सारें इंजिन खोलावें लागतें. कांहीं शेंकडा रुपयांचा फिल्टर व सुमारें तीन लिटर तेल एका बाजूस, आणि हें दुसऱ्या बाजूस.

मग हें काम गॅरेजांत न देतां घरीं कां करावें? पैसे वांचतात हें खरें, पण आमच्या मतें तें गौण कारण आहे. मुख्य कारण खात्रीचें. आमच्या भावकींतील एका गृहस्थांच्या जीपगाडीस बाहेरून फिरवून बसविण्याचा, डबीच्या आकाराचा फिल्टर आहे. ते गाडी नेहमीं तालुक्याच्या एका गॅरेजमध्यें देत. एका खेपेस आमच्या सांगण्यावरून त्यांनीं जुन्या फिल्टरच्या बुडास निळ्या रंगाचा बारीक ठिपका दिला आणि गाडी धाडली. सायंकाळीं गाडी परत आली; बिलांत ऑइल होतें, फिल्टरही होता; आणि खालीं वांकून पाहतां निळा ठिपका जागच्या जागीं होता. डबी मात्र पुसून लख्ख केलेली. मिस्त्रीस विचारलें तेव्हां त्यानें पोऱ्याचें नांव सांगितलें. प्रामाणिक कारागीर पुष्कळ आहेत व त्यांचे उपकार आम्ही जाणतों, पण महसुली दप्तरांत तीस वर्षें घालविलेल्या माणसास प्रत्यक्ष पाहणीवांचून नोंद मंजूर करवत नाहीं. गाडी अद्याप हमीच्या मुदतींत असेल तर मात्र कंपनीच्या अधिकृत जागींच काम करवावें व पावत्या जपाव्या. पुढें मोठें काम निघाल्यास त्याच पावत्या मागतात.

साहित्य फारसें नाहीं. गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक प्रथम काढावें, कारण तेलाची जात, माप आणि मुदत यांविषयीं तें सांगेल तें प्रमाण. शेजाऱ्याचें किंवा दुकानदाराचें नव्हे. पुष्कळ डिझेल मोटारींस दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तें, अशी मुदत असते. आमचे वाचक दुसरा अर्धा भाग विसरतात. वर्षांत चार हजारच किलोमीटर चालली म्हणून तेल दोन वर्षें ठेवूं नये. घर ते शेत अशा लहान फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं, आणि तेलांत ओल व डिझेल सांठत जातें. फिल्टर व तेल ओळखीच्या, पावती देणाऱ्या दुकानांतूनच घ्यावें. नकली फिल्टर बाहेरून हुबेहूब असतो. आंत कागद थोडा, घड्या विरळ व स्प्रिंग लेचीपेची. रिकामा झालेला तेलाचा डबा भंगारांत देण्यापूर्वीं त्यास भोंक पाडावें, नाहीं तर त्याच डब्यांत भलतेंच तेल भरून तो पुन्हां आपल्याच दारीं येण्याचा संभव असतो.

आतां प्रत्यक्ष काम. यांत जिवाचा धोका एकाच ठिकाणीं आहे, म्हणून तें आधीं सांगतों. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही, कोणत्याही कारणासाठीं, क्षणभरसुद्धां शिरूं नये. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. जागा सपाट व टणक असावी. शेणानें सारवलेल्या किंवा पावसानें भिजलेल्या अंगणांत स्टॅंडचे पाय रुततात. मागच्या चाकांस दोन्हीं बाजूंनीं दगड लावावे, हातब्रेक ओढावा, गाडी गिअरांत ठेवावी. मग पुढची बाजू उचलून पुस्तकांत दाखविलेल्या जागीं दोन लोखंडी स्टॅंड द्यावे, आणि गाडी हातानें हालवून पाहून मगच खालीं जावें. विटांच्या चळतीवर भरंवसा ठेवूं नये. वीट भाराखालीं न सांगतां फुटते. ज्यांच्या वाड्यांत ट्रॅक्टरही आहे त्यांनीं एकदां खर्च करून दगडी बांधणीचा कामाचा खड्डा केला तर जॅकची कटकटच मिटते. मात्र खड्ड्यांत माणूस असतां वर इंजिन चालूं ठेवूं नये. धूर खालीं उतरतो.

इंजिन पांच-सात मिनिटें चालवून कोमट करावें व बंद करावें. कोमट तेल पातळ होऊन घाण बरोबर घेऊन येतें. कडकडीत तेल हात भाजतें. वरचें तेल ओतण्याचें झाकण सैल करावें म्हणजे तेल मोकळें वाहतें. चेंबरखालीं खाली पत्रा असल्यास तो काढून, घमेलें सरकवून, बुडाचा बोल्ट बरोबर मापाच्या रिंग पान्यानें किंवा बॉक्स पान्यानें सोडवावा. उघड्या तोंडाच्या पान्यानें त्याचे कोपरे गोल होतात. उताणें पडल्यावर उजवें-डावें उलटसुलट वाटूं लागतें, यास्तव एवढें ध्यानांत धरावें कीं बोल्टाच्या माथ्याकडे तोंड करून पाहतां तो घड्याळाच्या कांट्यांच्या उलट सुटतो. शेवटचे आटे हातानें, बोल्ट आंत दाबीत फिरवावे व एकदम बाजूस घ्यावा. पहिली धार सरळ खालीं न पडतां दूर जाते, म्हणून घमेलें थोडें त्या दिशेस असावें. तेल पंधरा मिनिटें गळूं द्यावें. बोल्टाचा वायसर नवा घालावा, बोल्ट आधीं बोटांनींच बसवावा आणि मग पान्यानें बेताचा आवळावा. पान्यास पाइप लावून ओढण्याची जी मर्दुमकी आपल्याकडे दिसते ती येथें अगदीं वर्ज्य. चेंबर अल्युमिनियमचा असला तर आटेच उतरतात, आणि मग दोन रुपयांच्या वायसरच्या जागीं अख्खा चेंबर घ्यावा लागतो.

फिल्टर दोन तऱ्हेचे असतात. वर सांगितलेल्या १२४८ च्या इंजिनांत प्लॅस्टिकच्या झाकणाखालीं नुसता कागदी फिल्टर असतो. झाकण योग्य मापाच्या बॉक्स पान्यानें सांवकाश सोडवावें, आंतील तेल खालीं उतरूं द्यावें, कागद काढून त्याच बाजूनें नवा बसवावा. झाकणास जी रबरी कडी असते ती नवी घालून तिला नव्या तेलाचें बोट लावावें. हें झाकण फार आवळल्यास तडकतें. पुष्कळ झाकणांवर किती जोर द्यावा याचा आंकडाच छापलेला असतो.

दुसरी तऱ्हा बाहेरून फिरविण्याच्या डबीची. हातानें न सुटल्यास पट्ट्याचा पाना वापरावा. डबींतून स्क्रू-ड्रायव्हर आरपार मारून पिळण्याची युक्ति शेवटचाच उपाय समजावा, कारण पत्रा फाटला कीं धरावयास कांहींच उरत नाहीं. डबी सुटल्यावर बैठकीवर जुनी रबरी कडी चिकटून राहिली नाहीं ना, हें बोट फिरवून पाहावें. ती तेथेंच राहिली आणि तिच्यावर नवी डबी चढविली, तर इंजिन सुरू होतांच दोन कड्यांच्या मधून दाबाखालचें तेल उसळून कांहीं मिनिटांत चेंबर रिकामा होतो. नव्या कडीस तेलाचें बोट लावून डबी हातानें फिरवावी. कडी टेंकल्यावर पुढें साधारण पाऊण फेरा, तोही हाताच्याच जोरानें. डबी उभी बसत असेल तर तींत आधीं थोडें स्वच्छ तेल ओतून घ्यावें असें आम्हांस वाटतें, म्हणजे टर्बो पहिल्या क्षणीं कोरडा राहत नाहीं. पण तें कडेच्या लहान भोकांतून ओतावें. मधल्या भोकांतून ओतलेलें तेल न गाळतां पुढें जातें.

तेल भरतांना पुस्तकांतील मापापेक्षां अर्धा लिटर कमीच ओतावें. गाडी जमिनीवर घेऊन इंजिन सुरू करावें. तेलाचा दिवा कांहीं क्षणांत विझला पाहिजे, न विझल्यास तत्काळ बंद करावें. पहिल्या मिनिटांत ॲक्सिलरेटर मुळींच दाबूं नये. खालीं कोठें गळती नाहीं हें पाहून बंद करावें, दहा मिनिटें थांबावें आणि मग डिपस्टिक पाहून थोडें थोडें तेल घालीत वरच्या खुणेच्या जरा खालींच थांबावें. येथें उदारपणा महागांत पडतो. तेल खुणेच्या वर गेलें तर तें हवेच्या वाटेनें सिलिंडरांत ओढलें जाऊं शकतें, आणि डिझेल इंजिन आपलेंच ऑइल जाळीत सुसाट सुटतें. मग किल्ली काढूनही तें थांबत नाहीं. २०२० नंतरच्या, सायलेन्सरच्या वाटेंत काजळीची गाळणी असलेल्या गाड्यांत ओतल्यावांचूनही पातळी चढूं शकते. ती गाळणी साफ करण्यासाठीं इंजिन जादा डिझेल सोडतें, आणि लहान फेऱ्यांच्या गाडींत त्यांतील कांहीं तेलांत उतरतें. पट्टीवर तेल वाढलेलें दिसलें तर आनंद मानूं नये. मुदत संपली नसली तरी तेल बदलावें. या गाड्यांस कमी राखेचें तेल लागतें, तें पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच घ्यावें. ट्रॅक्टरचा उरलेला डबा त्यांत ओतूं नये.

जुना फिल्टर लगेच फेंकूं नये. तेल निथळल्यावर कागद कात्रीनें कापून, घड्या पसरून उन्हांत पाहाव्या. डबी असल्यास ती पत्रा कापण्याच्या कात्रीनें उघडावी, करवतीनें नव्हे, कारण करवतीचाच कीस आंत पडून घोंटाळा होतो. काळा चिखल असणें स्वाभाविक. पण चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवावा. चिकटले तर लोखंडाचे, न चिकटतां पिवळट-रुपेरी चमकले तर बहुधा बेअरिंगाचे. ते पुष्कळ असतील तर गाडी चालवूं नये, जाणत्या मिस्त्रीस दाखवावें. तेल दुधाच्या चहासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें. ही पाहणी कोणतेंही गॅरेज आपणहून करून दाखवीत नाहीं, आणि घरीं काम करण्याचा खरा लाभ आम्ही यांतच मानतों.

राहिलें काढलेलें काळें तेल. तें कुडाच्या मेढींस वाळवीसाठीं लावणें, धुरळा बसावा म्हणून अंगणांत शिंपडणें, चुलींत ओतणें, किंवा सरळ बांधाच्या कडेस ओतून देणें हे प्रकार आपल्याकडे चालत आले आहेत. ते बंद झाले पाहिजेत. जळलेल्या तेलांत धातू व कातडीस कर्करोग करूं शकणारीं द्रव्यें असतात. म्हणून काम करितांना हातमोजे घालावे व नंतर साबणानें हात धुवावे. विहिरीच्या वरच्या अंगास ओतलेलें तेल मुरतें, आणि तीच विहीर आपण व आपलीं गुरें पितात. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत मोडतें. २०२३ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें १ एप्रिल २०२४ पासून तें परत गोळा करवून शुद्ध करविण्याची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवर टाकण्यांत आली आहे. घरोघरचें तीन-चार लिटर तेल नेण्यास कोणी येणार नाहीं. पण गांवांतील पांच-सहा घरांनीं एका ड्रमांत सांठविलें तर, परवाना असलेल्या खरेदीदारास माल देणाऱ्या गॅरेजकडे तें पोंचतें करितां येईल. सोसायटीच्या गोदामाच्या कोपऱ्यांत, खतांपासून दूर, असा एक झांकणाचा ड्रम ठेवण्यास अडचण नसावी. सांडलेल्या तेलावर राख किंवा लांकडाचा भुसा टाकून तोही गोळा करावा.

शेवटीं वहीचें काम. प्रत्येक वाहनास, मोटार असो वा ट्रॅक्टर, वहीचें एक पान द्यावें व त्यावर तारीख, किलोमीटर, ट्रॅक्टर असल्यास तास, तेलाचें नांव व माप, फिल्टरचा क्रमांक, पावतीचा क्रमांक आणि जुन्या फिल्टरांत काय दिसलें हें लिहावें. दोन बदलांच्या मधें वरून किती तेल घालावें लागलें तेंही टिपावें. हा आंकडा वर्षांवर्षीं वाढत असेल तर इंजिन झिजत चाललें आहे. गाडी विकावयाची वेळ आली तर घेणारा प्रथम हीच वही पाहील. पुढील बदलाची तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती चालकाच्या दाराच्या आंतल्या चौकटीस चिकटवावी, म्हणजे गाडी चालविणाऱ्या मुलाच्या नजरेसही ती येईल.